कच्चा टाका

कॉलेजच्या स्टोअरकीपरनं कापड बेतायच्या टेबलावर दोन गठ्ठे टाकले आणि रुमालानं मान पुसली. एका गठ्ठ्यात नवेकोरे कोट होते, दुसऱ्यात वापरलेले.

"आमचे नेहमीचे मास्तर अंथरुणाला खिळलेत, म्हणून तुमचा जिना चढलो, ताई. काम सोपं आहे. जुन्या कोटांवरचे बिल्ले उसवायचे आणि नव्यांवर लावायचे."

शिवणवाल्या बाईंना मनातून बरं वाटलं. कॉलेजचं काम, आणि तेही नेमकं आजच्या दिवशी आपल्या पायांनी दारात आलेलं. पडद्यामागच्या खोलीत लेक मोबाइल घेऊन बसली होती. याच कॉलेजचं पूर्ण फीमाफीचं पत्र येऊन चार दिवस झाले होते, ते अजून देवापुढून हललं नव्हतं. मूळ गुणपत्रिका कालच कॉलेजात जमा केल्या होत्या. सरकारी कॉलेजात मिळालेली जागा तेवढी सोडायची राहिली होती. त्याला आज पाचपर्यंतची मुदत होती.

"माझी मुलगीही यंदा येतेय तुमच्याकडे," बाई म्हणाल्या. सांगितल्यावाचून राहवेना. "गुणवत्तेवर."

"अरे वा," तो म्हणाला आणि उगीचच खिडकीबाहेर बघू लागला.

बाईंनी जुना कोट मांडीवर घेतला. खिशावर ढालीच्या आकाराचा सोनेरी बिल्ला होता, त्यात जरीनं 'गुणवत्ता' भरलेलं. कात्रीचं टोक लावलं मात्र, दोरा एका ओढीत सरसर निघून आला.

"हे काय हो, भाऊ? नुसता धावदोरा घातलाय. एवढा देखणा बिल्ला आणि त्याला कच्चा टाका?"

"मास्तर तसाच घालायचे. आम्हीच सांगितलेलं."

बाईंनी कोट उजेडाकडे धरला. वर्षभराच्या उन्हानं कापड विटलं होतं, पण बिल्ल्याखालचं जसंच्या तसं काळंभोर होतं. बिल्ला निघाला तरी ढाल तिथेच होती. त्यांनी बोटानं घासून पाहिलं. ती जाणारी नव्हती.

"हे कोट आता कुणाला?"

"ज्यांचे त्यांना. सुट्टीत जमा करून घेतलेत. अजून तीन वर्षं घालायचेत त्यांना."

बाईंनी गठ्ठा मोजला. बावन्न.

"आणि नवे साठ आहेत," तो म्हणाला. "आठ बिल्ले नवीन करून आणलेत, ते त्या पुडीत. बाकीचे यातूनच निघतील. दरवर्षी बरोबर जमतं."

"बावन्न मुलं नापास झाली?"

"नापास कसली. सगळी नव्वदच्या वर आहेत. पण वर्गात साठच्या साठ कुठून ना कुठून पहिली आलेली. दुसऱ्या वर्षापासून फीमाफी फक्त पहिल्या आठांना. डोकं फुटेस्तोवर अभ्यास केला तरी आठात आठच मावणार ना, ताई." त्यानं हसायचा प्रयत्न केला. ते काही जमलं नाही.

पत्रातलं ते वाक्य बाईंना पाठ होतं. 'गुणवत्ता कायम राखल्यास सवलत पुढे चालू राहील.' लेकीनं वाचून दाखवलं तेव्हा तिचे बाबा हसले होते. हिची गुणवत्ता कुठे पळून चाललीय, म्हणाले होते. बालवाडीपासून तिनं पहिला नंबर सोडलेला नव्हता.

"मग ती मुलं सोडून का जात नाहीत?"

त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मूळ कागद आमच्याकडे असतात. राहिलेल्या सगळ्या वर्षांची फी भरल्याशिवाय ते कपाटाबाहेर येत नाहीत. मग बहुतेकांचे आईबाप काहीतरी विकतात."

बाई उठल्या. मांडीवरचा कोट खाली पडला, तो उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

"बाळा, थांब गं जरा. ती जागा एवढ्यात सोडू नकोस."

पडदा सरकला. लेक दारात उभी होती, तोंडभर हसत.

"सोडलीसुद्धा. मेसेज पण आला बघ." तिनं मोबाइल आईच्या डोळ्यांपुढे नाचवला आणि तिचं लक्ष गठ्ठ्याकडे गेलं. "अगंबाई, हे आमचेच? माझ्या मापाचा कुठला?"

कुणी काही म्हणायच्या आत तिनं एक नवा कोट अंगात चढवला. बाह्या बोटांपर्यंत आल्या. पुडीतला बिल्ला छातीशी धरून ती आरशात बघत राहिली. आरशात तिच्यामागे दोघंही दिसत होती, पण तिचं लक्ष नव्हतं.

"आई, पहिला माझा लाव. वाकडा नको हं. आणि पक्का शिव, चार वर्षं टिकला पाहिजे."

ती कोट आईच्या हातात देऊन बाबांना फोन करायला आत गेली. आतून तिचा आवाज येऊ लागला, हसरा, भरभर.

बाईंनी सुईत दोरा ओवला. तो दुहेरी केला, मेणावरून ओढला आणि खिशाच्या बरोबर मधोमध बिल्ला ठेवून घट्ट टीप घालायला सुरुवात केली. प्रत्येक टाक्याला दोरा बोटात रुतेपर्यंत ओढत होत्या.

जिन्याशी गेलेला स्टोअरकीपर तिथेच थबकला. त्यांच्या हातांकडे थोडा वेळ पाहत राहिला, मग परत आला आणि टेबलावर वाकला.

"ताई, कच्चाच घाला," तो हळूच म्हणाला. "पक्का उसवताना खालचं कापड फाटतं."