रज्जाकचाचांचा कान

"क्लच सोडला की खडखडते, दाबला की गप्प," मी ओरडून सांगितलं. माझ्या जुन्या मोटरसायकलला रज्जाकचाचांशिवाय दुसऱ्या मेकॅनिकचा हात कधी लागला नव्हता. त्यांनी नेहमीसारखं स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

समोरच्या चहावाल्यानं वैतागून कानांत बोटं घातली.

चाचांनी कान बदलला. पुन्हा ऐकलं. मग हसले. "कुठाय आवाज, मास्तर? गाडी मख्खन हाय!"



"बाकी हल्ली रस्ताच शांत झालाय बघा," हात पुसत ते म्हणाले. "गाड्याबी कमी, गिऱ्हाईकंबी कमी."

मी मान डोलावली, गिअर टाकला आणि क्लच सोडला. अख्खा रस्ता वळून बघायला लागला. चाचा तेवढे समाधानानं हात हलवत होते.