सकाळचे तीन प्रश्न

बायकोची स्मरणशक्ती पार गेली, याबद्दल निवृत्त ग्रंथपालांच्या मनात आता शंका उरली नव्हती. रोज सकाळी चहाचा कप हातात देताना ती तेच विचारायची, "अहो, आज वार कोणता? आपली लेक कुठे असते? काल घरी कोण आलं होतं?" ते न चिडता उत्तरं द्यायचे आणि वर हसून म्हणायचे, "तुला काही म्हणजे काही लक्षात राहत नाही बघ."

शेवटी ते तिला घेऊन वकीलबाईंकडे गेले. चाचरत म्हणाले, "हिच्या उपचारांचे निर्णय यापुढे मी घेईन, असा कागद करायचाय."

वकीलबाईंनी कपाटातून एक फाइल काढून हलकेच पुढे सरकवली. "काका, कागद मागच्याच वर्षी झालाय. तुमच्या उपचारांचे निर्णय काकू घेतील, असा."

खाली त्यांचीच सही होती, सहीखालच्या दोन टिंबांसकट.

ग्रंथपालांनी सहीवरून बोट फिरवलं. "मी... इथे आलो होतो?"

बायकोनं त्यांचा हात घट्ट धरला. "डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून रोज विचारते हो," ती म्हणाली. "पण गेले आठ दिवस तुमचं एकही उत्तर बरोबर आलेलं नाही."