आर्विलची फोर्ड

मातीच्या ट्रॅकवर जीव गमावलेल्या थोरल्या भावाची, आर्विलची, शर्यतीची गाडी गार्लंडने पुन्हा हुबेहूब उभी केली. तीच एकोणचाळीस सालची फोर्ड, दारावर हाताने रंगवलेला तोच सत्तावीस आकडा. ट्रेलरवरून ती चर्चच्या आवारात उतरवली, तेव्हा जुन्या शर्यतवाल्यांनी टोप्या काढल्या.

"आता आवाज ऐकव की," त्यांच्यातला हॉइट म्हणाला. "आर्विल निघाला की डोंगरापलीकडे कळायचं."

गार्लंड ट्रेलरच्या साखळ्या गोळा करत राहिला. शेवटी हॉइटने स्वतःच बॉनेट उचललं. आत इंजिन नव्हतं.

"अरे, दोन वर्षं खपून ही काय थट्टा केलीस?"

"आईला दाखवायला बनवलीय," गार्लंड म्हणाला.

आर्विल गेल्यापासून शर्यतीच्या गाडीकडे ढुंकूनही न बघितलेली म्हातारी काठी टेकत पुढे आली. त्या रिकाम्या जागेत तिने वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग आपल्याच हाताने बॉनेट हळूच खाली केलं.

"घराच्या पोर्चसमोर लाव," ती गार्लंडला म्हणाली. "आता हा कुठे जायचा नाही."