दाताची खूण

डॉक्टर बागवान यांनी टेबलावर तीन नमुने ठेवले. तिन्ही कोमट होते, कारण ते सानिकाबाईंच्याच पेशींपासून वाढवलेले, जिवंत होते. कर्करोगामुळे काढलेला उजवा स्तन आता हव्या त्या वयाचा परत मिळत होता. दरवर्षीच्या तपासणीतला त्याचा आराखडा जपलेला असला की झालं.

"हा पंचविशीतला, हा चाळिशीतला आणि हा आजारपणाच्या आधीचा."

"आई, पंचविशीतलाच घे," मुलगी रेवा म्हणाली. "एवढं सोसलंस, आता जरा मिरव की!"

"आणि डाव्या बिचाऱ्याने एकट्यानेच म्हातारं व्हायचं?" सानिकाबाईंनी तिसरा नमुना तळहातावर घेतला आणि अंगठ्याने चाचपला. "डॉक्टर, हा माझा नाही. इथे एक बारीक वण होता."

"वण, डाग यंत्र आपोआप पुसून टाकतं. दोष समजून."

"मग सांगा त्याला, तो दोष नाही. परत घाला."

"पंचविशीतल्यावरही घालता येईल."

"छे! तेव्हा ही कुठे होती?"

"म्हणजे? वण माझा?" रेवाने विचारलं.

"मग कुणाचा? तुला वरचा दात आधी आला. मामाला जड म्हणून घरात सगळे हवालदिल, आणि तू दूध पिता पिता मला कडकडून चावलीस. मी धपाटा घातला. मग दोघी रडत बसलो."

रेवाने तो नमुना ओंजळीत घेतला.

"नेमका कुठे होता गं?"

सानिकाबाईंनी तिचं बोट धरलं आणि अलगद तिथे टेकवलं.