आवाज येतोय का?

"मान वर करून बोल," बाबा म्हणाले. "माझ्याशी बोलतेस की फोनशी?"

तिने फोन टेबलावर ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. इथलंच सिम परदेशात वापरलं तर रोमिंग पॅक घ्यावा लागतो, तो महाग. तिकडे उतरून तिथलं सिम घेतलं तर स्वस्त, पण कागदपत्रं होईपर्यंत फोन मुका. तिसरा मार्ग ई-सिमचा.

"म्हणजे काय?"

"सिमच, पण हातात न येणारं. इथूनच विकत घेऊन फोनमध्ये भरायचं. तिकडे विमान उतरलं की ते जागं होतं."

"आणि तोवर?"

"तोवर झोपतं. तुमच्यासारखं, तोंडावर पेपर घेऊन."

बाबा हसले. तिने सेटिंग उघडून दाखवलं. "हे बघा, डेटा आता या नव्या सिमवर टाकला. घरात वाय-फाय आहे, विमानतळावर त्यांचं असेल आणि तिकडे गेल्यावर हे."

"आणि मला फोन केलास की किती जातील?"

"काही नाही. कॉल इंटरनेटवरून लागतो. तासभर बोललो तरी वेगळा पैसा नाही."

बाबांचा चेहरा पडला. फुकटची गोष्ट ऐकून माणूस एवढा हिरमुसतो, हे ती पहिल्यांदाच पाहत होती.

ती शिकायला होस्टेलवर होती तेव्हाही ते फोन करत नसत. फोनला पैसे पडतात म्हणून मेसेज लिहायचे, लांबलचक, स्वल्पविरामांसकट. आता तिला परदेशातल्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षांचं काम मिळालं होतं. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. रोज बोलणं होणार असेल तरच मी जाणार, असं तिने बजावलं होतं. तिकीट काढलेलं होतं, पण काढलेलं तिकीट रद्दही करता येतं, याची आठवण ती त्यांना रोज करून द्यायची.

"मेसेज काय वाईट आहेत?" बाबा म्हणाले.

"मेसेजमध्ये तुम्ही 'मी मजेत आहे' एवढंच लिहिणार. खरं काय ते आवाजात कळतं."

"माझा आवाज? तो तर तुला तिकडे बिनफोनाचाही पोचेल."

ते खरंच होतं. बाबांनी उभी हयात यंत्रमागांवर काढली होती. शेडमध्ये असा खडखडाट की कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नसे. लहानपणी डबा द्यायला गेली की तिला वाटायचं, ही माणसं नुसतीच तोंडं हलवतात. या टोकाचा कामगार त्या टोकाच्याला ओठांनीच नव्या मुकादमाबद्दल वाटेल ते सांगायचा, दोघं हसायचे, आणि मध्ये उभ्या असलेल्या मुकादमाला पत्ताही नसायचा. बाबा घरीही बोलायचे ते मोठ्यानेच. आज भाजीत मीठ कमी पडलंय, हे शेजाऱ्यांना न विचारता कळायचं.

"चहा ठेवू?" तिने स्वयंपाकघरातून विचारलं. उत्तर आलं नाही. डोकावून पाहिलं, तर बाबा तिने आणून दिलेला नवा फोन तळहातावर घेऊन त्याच्याकडे पाहत बसले होते.

चहा झाल्यावर तेच म्हणाले, "चल, चाचणी घेऊन टाकू. तू खाली जा. समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहा. मला दिसशील अशी."

"फोनवर बोलायला दिसायला कशाला हवं?"

"हल्ली फोनवर कोण कुणाच्या आवाजात बोलेल सांगता येत नाही. तू दिसलीस की खात्री."

ती हसत खाली गेली. दुपारच्या उन्हात रस्त्यावरून ट्रक चालले होते. रस्ता ओलांडून ती पायरीवर चढली. वर खिडकीत बाबा उभे होते. तिने नंबर लावून फोन कानाला धरला. बाबांनीही धरला.

"बाबा, आवाज येतोय का?"

"येतोय, येतोय!" त्यांची आरोळी रस्त्याच्या या कडेपर्यंत आली.

"ओरडू नका हो, हातात फोन आहे! रात्रीची गोळी न चुकता घ्याल?"

"घेईन."

"आणि रविवारी आत्याकडे जेवायला जायचं."

"आधी तिला स्वयंपाक शिकू दे, मग जातो."

दुकानदार गालातल्या गालात हसला. ती वळून उभी राहणार, तेवढ्यात बाबांनी खिडकीतून हात केला. "इकडे बघ! ऊन चांगलं पडलंय तोंडावर. छान दिसतेस."

आता शेवटची परीक्षा. तिने आवाज अगदी खाली आणला, इतका की शेजारच्या दुकानदारालाही कळू नये. घरात समोरासमोर जे बोलायचं धाडस होत नव्हतं, ते ती पुटपुटली.

"मला तुमची खूप आठवण येईल."

खिडकीत बाबांनी चष्मा काढून पुसला.

"मलाही येईल, बाळा. पण तू जा." हेही त्यांनी मोठ्यानेच सांगितलं.

एवढं हळू बोललेलंसुद्धा पोचलं होतं. तिचा जीव भांड्यात पडला. "ठरलं, बाबा. जाते मी," ती म्हणाली आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत वर आली.

बाबा टेबलाशी पाठमोरे उभे होते. किती वेळ बोललो ते पाहायला तिने फोन उघडला. डेटा अजून त्या झोपलेल्या सिमवरच होता. पडद्यावर बाबांचं नाव होतं, आणि त्याखाली: इंटरनेट नाही, कॉल लागला नाही.

खालचा रस्ता आता शांत होता. "बाबा," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, मोठ्याने.

पाठमोरे बाबा चार्जरची वायर बोटांभोवती गुंडाळत राहिले.