फिर्यादीची हरकत

“हाताला काय झालं, काका?”

“टेम्पो थांबवत व्हतो,” दत्तारामनं प्लास्टरचा हात मागे घेतला. “थांबला न्हाय.”

कोर्टाच्या व्हरांड्यात समिधानं हातातली फाइल मिटली. ती सरकारी वकील. दत्ताराम घोडबंदरचा कोळी. त्याचा मुलगा स्वरूप दोन वर्षांपूर्वी काशीगावजवळच्या वळणावर हायवे ओलांडताना एका पांढऱ्या टेम्पोखाली गेला. टेम्पो थांबला नाही, नंबर कुणी पाहिला नाही. दत्तारामनं होडी काठावर पालथी घातली ती घातलीच. तेव्हापासून तो रोज त्या वळणावर उभा राहतो. पांढरा टेम्पो आला की त्याच्या डाव्या दिव्याकडे बघतो. दिवा नवा वाटला की आडवा जातो.

पोलिसांनी आता ‘अ समरी’ पाठवली होती. म्हणजे गुन्हा खरा, पण गुन्हेगार सापडत नाही, तेव्हा तपास बंद करायला परवानगी द्यावी. अशा फाइली समिधाच्या टेबलावर ढिगानं येतात. ‘हरकत नाही’ असं लिहायचं, सही ठोकायची, फिर्यादीला एकदा बोलावून विचारायचं, की संपलं. फिर्यादी बहुतेक वेळा येतच नाही. रोजी बुडवून कोर्टाची पायरी कोण चढणार? आणि तो आला नाही म्हणून कोर्टाचं काही अडतही नाही.

ही फाइल मात्र तिनं पुन्हा वाचली. टेम्पोच्या डाव्या हेडलाइटची फुटलेली काच पंचनाम्यात होती. ती कुठल्या गाडीची, हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. समिधाला राग आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. खूप दिवसांनी भांडण्यासारखं काही हाती लागलं होतं.

बाकावर स्वरूपची आई बसली होती, लक्ष्मी. मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. रोज दुपारी हा डबा ती वळणावर नेऊन देते. आज कोर्टातून नवरा परस्पर तिकडेच जाणार, म्हणून सोबतच घेतला होता.

“मॅडम, जरा बोलायचं व्हतं,” ती म्हणाली.

“आई, घाबरू नका. मी ही केस बंद होऊ देणार नाही.”

लक्ष्मी काही म्हणणार तेवढ्यात शिपायानं पुकारा केला.

आत न्यायाधीशांनी रीतीप्रमाणे फिर्यादीला विचारलं, “तपास बंद करायला तुमची हरकत आहे?”

फिर्याद दत्तारामची, म्हणून प्रश्नही त्यालाच. लक्ष्मी मागच्या बाकावर होती. तिथे बसलेल्यांना कायदा काही विचारत नाही.

“हाय हरकत,” दत्ताराम म्हणाला.

मग समिधा उठली. आधी काचेबद्दल बोलली, तपासातल्या ढिलाईबद्दल बोलली. मग ती दत्तारामकडे वळली.

“साहेब, जे काम पोलिसांनी करायचं, ते हा बाप करतोय. ऊन म्हणत नाही, पाऊस म्हणत नाही. त्याचा हात बघा.”

दत्तारामनं प्लास्टरचा हात वर केला. टंकलेखिकेचीही बोटं थांबली. लक्ष्मीनं मान खाली घातली. मुलाच्या आठवणीनं रडत असेल, असं समिधाला वाटलं.

न्यायाधीशांनी समरी फेटाळली. काचेचा तपास करा, गॅरेजवाल्यांकडे चौकशी करा आणि नवा अहवाल आणा, असा हुकूम दिला. समिधाच्या नोकरीत असे दिवस फार थोडे आले होते.

बाहेर येताच दत्तारामनं तिला हात जोडले. त्याचा चेहरा उजळला होता.

“आता सापडंल. मी हाय तिथं,” तो म्हणाला, आणि संध्याकाळच्या गाड्या वाढायच्या आत पोचायला हवं म्हणून भराभरा गेटबाहेर पडला. डबा घ्यायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

लक्ष्मी बाकावरच बसून होती. समिधा तिच्या शेजारी टेकली.

“झालं ना, आई, मनासारखं? मघाशी काय सांगत होतात?”

लक्ष्मीनं डब्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. तिच्या आवाजात राग नव्हता.

“बंद झाली आसती, तर स्वरूपचा बाप आज घरी जेवाया आला आसता.”