घामाचा रकाना

थर्मामीटर तीनदा झटकून झाला, तरी पारा उतरेना. शिकाऊ आया जयवंताने चौथ्यांदा मनगटाला हिसडा दिला आणि काच खिडकीच्या उजेडात धरली. पारा एकशे आठवर होता. थर्मामीटर अजून कोणाच्या काखेत गेलाही नव्हता. नुसता ट्रेमध्ये पडून तापला होता.

मे महिन्यातली दुपार, तीनचा सुमार. रामदासपेठेतल्या त्या दवाखान्याच्या पुरुष वॉर्डात वाळ्याच्या ताट्या सकाळपासून कोरड्या होत्या. परवापर्यंत दाराशी माठ होता. आया माठातलं पेलाभर पाणी घेत, थर्मामीटर त्यात बुडवून ठेवत, झटकत आणि लगेच लावत. पण तपासणी येणार म्हणून नव्या मेट्रनबाईंनी माठ बाहेर काढायला लावला. थर्मामीटर कोरड्या ट्रेमध्येच ठेवायचे, असा हुकूम झाला. तेव्हापासून वॉर्डातल्या प्रत्येक रोग्याला एकशे आठ ताप होता. त्यावर स्टाफ नर्स प्रेमलताबाईंनी तोडगा काढला. सगळ्यांच्या चार्टवर ९८.४.

नऊ नंबरच्या खाटेवरचा शालिकराम नंदनवन वस्तीत एका घराच्या स्लॅबवर काम करताना चक्कर येऊन पडला होता. त्याला बारा वाजता आणलं. दोन वाजताच्या ओळीत लिहिलेलं होतं: ताप ९८.४, नाडी ७२, श्वास २०.

जयवंताने त्याचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिट मोजलं. एकशे चव्वेचाळीस. मनगट न सोडता छातीची हालचाल मोजली. अडतीस. मग काखेत हात घातला. बाकीचे एकोणीस रोगी घामाने निथळत होते. याची काख तव्यासारखी कोरडी होती, आणि तितकीच तापलेली.

त्याची बायको मनकर्णा पायाशी बसून तळपायांना कांदा चोळत होती. "मले ओळखूनच नाही राहिले, बाई. म्हणतात, शिडी धर. इथं कुठची शिडी?"

"घाम केव्हा थांबला?"

"आणलं तवा होता. मंग आटला. मले वाटलं, आराम पडला."

जयवंता टेबलाशी गेली. "सिस्टर, नऊ नंबरला ऊन लागलंय. नाडी एकशे चव्वेचाळीस आहे. डॉक्टरांना बोलवा."

"ताप किती?"

"थर्मामीटर एकशे आठ दाखवतो."

"चार नंबरचा पाय मोडलाय. त्यालाही एकशे आठच दाखवतो." प्रेमलताबाईंनी मान वर केली नाही. "डॉक्टर आत्ता जेवायला बसलेत. आकडा आण, मग उठवते. नाहीतर मला बोलतील, तुला नाही."

"त्याचा घाम आटला आहे, सिस्टर."

"घामाचा रकाना आहे का चार्टवर?"

जयवंता मागच्या दाराने बाहेर पडली.

माठ कडुनिंबाखाली होता. चौकीदार देवराव त्याला टेकून बसला होता. "काहून पळून राहिली वं?"

"माठ आत आण, देवरावभाऊ. मी सांगून राहिली म्हणून आण."

तिने दोन थर्मामीटर पेल्यातल्या पाण्यात बुडवले आणि पेला छातीशी धरून परत आली. ते बाहेर काढून हातात धरले असते, तर अंगण ओलांडेपर्यंत पारा पुन्हा वर गेला असता. खाटेशी येऊन तिने दोन्ही झटकले. एक शालिकरामच्या काखेत ठेवून त्याचा दंड अंगाशी दाबून धरला. दुसरा स्वतःच्या जिभेखाली ठेवला.

"हा काय तमाशा?" प्रेमलताबाई उठून आल्या. "आणि माठ कोणी आणला आत?"

जयवंताने बोटाने घड्याळ दाखवलं.

"तोंडात काय घातलंस? बोल ना आता! सहा महिने शिकली नाही तर मला शिकवते. उद्याच मेट्रनबाईंना सांगते. जा परत उमरेडला, बस हातमागावर."

तीन मिनिटं जयवंताला तोंड उघडता येत नव्हतं. दात काचेवर आवळले जात होते. काच फुटेल म्हणून तिने जबडा मुद्दाम सैल सोडला.

वेळ भरली तसे तिने दोन्ही थर्मामीटर काढले. एकेक पुसून, वाचून लगेच पाण्यात ठेवला आणि पेला प्रेमलताबाईंच्या डोळ्यांसमोर धरला.

"हा माझा. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. हा त्याचा. पाहा."

एकशे सात पॉइंट दोन.

प्रेमलताबाईंनी पेला हातात घेतला, पुन्हा वाचला, आणि धावल्या.

डॉक्टर उष्ट्या हातानेच आले. चादरी माठात बुडवून अंगावर टाकल्या. देवरावने समोरच्या रसवंतीतून बर्फाची लादी आणली. माठ रिकामा झाला. मग डॉक्टरांनी चार्ट उचलला.

"दोन वाजता अठ्ठ्याण्णव पॉइंट चार? कोणी घेतलं हे?"

"ताप आयाच घेतात, सर," प्रेमलताबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी जयवंताकडे पाहिलं. "नीट शिका. माणूस गेला असता."

पाचच्या पुढे मनकर्णाने हाक मारली. "बाई, पाहा वं!"

शालिकरामच्या वरच्या ओठावर बारीक थेंब होते. बघता बघता कपाळही ओलं झालं. त्याने डोळे उघडले आणि बायकोकडे पाहून म्हटलं, "मनकर्णा, पाणी दे."

जयवंताने चार्ट घेतला. ताप, नाडी, श्वास, लघवी, शौच. तिने कोऱ्या कडेवर लिहिलं: पाच वाजून दहा मिनिटं, घाम आला.

सहा वाजता प्रेमलताबाईंनी ते वाचलं. "रकान्याबाहेर लिहायचं नसतं," त्या म्हणाल्या, आणि लाल शाईने त्यावर एक सरळ रेघ ओढून खाली सही केली.

दोन वाजताचे ९८.४ तसेच होते.